तक्त्याशिवायचा मंगळ

आधी माफी मागतो. आत्मकथन लिहावं इतकं माझं वय झालेलं नाही, आणि लिहावं असं माझ्या हातून फारसं काही घडलेलंही नाही. ज्यांचे केस पिकले, ज्यांनी जग पाहिलं, त्यांनी हा उद्योग करावा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि लिहिणं म्हणजे केळीच्या कॅरेटवर खडूने गावाचं नाव टाकणं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तरी लिहायला बसलो आहे. माझ्या आईने मला एक गोष्ट शिकवली. ती तिने कोणत्याही वर्गात शिकवली नाही, त्यामुळे तिची नोंद कुठेच नाही. ती कुठेतरी असावी एवढीच इच्छा. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं घर सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरच्या अगदी मागे. भिंत एकच. पलीकडचे पंखे दिवसरात्र चालत, आणि त्यांची घरघर आमच्या घराचीच आहे असं मला लहानपणी वाटायचं. लाईट गेली आणि पंखे थांबले की आम्ही सगळे बोलता बोलता थांबायचो, जणू कोणी दारात येऊन उभं राहिलं आहे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. ते ट्रकवर ड्रायव्हर, केळी भरून दिल्ली-कानपूरकडे जायचे आणि आठ-दहा दिवसांनी परतायचे. आले की त्यांना पहिल्या दिवशी भरीत लागायचं. हिरवं, पांढऱ्या वांग्याचं, काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं, वर कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आई भरीत ठेचायला बसली की त्या ठेचण्याचा आवाज पंख्यांच्या वर ऐकू यायचा आणि गल्लीला कळायचं, भाऊ आले.

आई मूळची धुळ्याकडची, सोनगीरची. लग्न होऊन इतकी वर्षं इकडे राहिली, पण तिची अहिराणी बोली तिने सोडली नाही. इकडचे लोक तिच्या ‘शे’ ला हसायचे आणि ती त्यांच्या ‘मले-तुले’ ला हसायची. ती चेंबरवर निवडणीचं काम करायची. पिकायला ठेवलेल्या केळीच्या फण्या बाहेर आल्या की कोणती आज जायची, कोणती उद्या, कोणती लांबच्या गाडीत, हे रंगावरून ठरवायचं. भिंतीवर एक प्लास्टिक चढवलेला तक्ता टांगलेला होता, त्यावर सात केळी छापलेली. पहिलं हिरवंगार, सातवं पिवळ्यावर तपकिरी ठिपके आलेलं. आई फणी तक्त्याशेजारी धरायची आणि न बोलता डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. तिच्या शेजारी रुखसाना चाची बसायच्या. त्या बोलल्याशिवाय एकही फणी ठेवत नसत.

तिथला एक नियम मला फार नंतर समजला. परगावचे व्यापारी माल इथून निघण्याआधी फोनवर फोटो मागायचे. त्या फोटोत केळीच्या शेजारी तक्ता असलाच पाहिजे. तक्त्याशिवाय पाठवलेला फोटो कोणी बघतही नसे. लहान असताना मी आईला विचारलं होतं की असं का. ती म्हणाली, ट्यूबलाईटखाली केळ हिरवट दिसतं, बल्बखाली पिवळं दिसतं, उन्हात आणखी वेगळं. पण ज्या उजेडात केळ आहे त्याच उजेडात तक्ताही आहे. उजेडाने केळ बदललं तर तक्ताही तसाच बदलतो. म्हणून तक्ता फसवत नाही. मी बरं म्हटलं आणि खेळायला गेलो.

बारावीनंतर फैजपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो. पहिले काही महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. आमचे भौतिकशास्त्राचे सर मात्र कोणाला गप्प राहू देणारे नव्हते. एक दिवस त्यांनी प्रयोगशाळेच्या पांढऱ्या भिंतीवर मंगळावर उतरणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. वर छत्री उघडली, खाली लाल-तपकिरी जमीन गोल गोल फिरत जवळ आली, आणि शेवटी धूळ अशी उडाली की आमच्या पुढच्या बाकावरच्या पोराने खरोखर डोळ्यांवर हात घेतला. सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. मग सरांनी आवाज लावला. त्या गाडीला कान होता, मायक्रोफोन, आणि त्याने मंगळावरचा वारा टिपला होता. हलका, खोल, कुठूनतरी लांबून येणारा. सर म्हणाले, “माणूस अजून तिथे पोचला नाही, पण तिथला वारा फैजपुरात पोचलाय.”

तो आवाज मी मोबाईलमध्ये घेतला आणि संध्याकाळी चेंबरवर जाऊन दोघींना ऐकवला. रुखसाना चाचींनी फोन कानाला लावला, भुवया वर केल्या आणि म्हणाल्या, “ये तो अपने चेंबर का पंखा है बेटा. इसमें मंगळ कहाँ है?” आई बराच वेळ ऐकत राहिली. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, “सोनगीरना किल्लावर असाच वारा ऱ्हास.” एवढंच. पण त्या दिवसापासून ती मला अधूनमधून विचारायची, “काय म्हनस तुना मंगळ?” जणू माझा मंगळ म्हणजे कोणी लांब गावी राहणारा मित्र होता.

मग मला कळलं की ती गाडी रोज जे फोटो पाठवते ते कोणालाही बघता येतात. कच्चे फोटो. त्यांवर काहीही केलेलं नसतं. जगभरचे हौशी लोक ते उतरवून घेतात, जोडतात, रंग दुरुस्त करतात. सावद्यात बसून मीही ते करू शकतो, हे मला खरंच वाटेना. कॉलेजच्या संगणकावर मधल्या सुट्टीत आणि घरी मोबाईलवर मी तेच करत बसू लागलो. आज मी काम करतो त्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर दोन मोठे पडदे असतात, पण त्या फुटक्या काचेच्या मोबाईलवर पहिला खडक उघडला तेव्हाची धडधड पुन्हा अनुभवली नाही.

एका फोटोने मला वेड लावलं. समोर दगडांचं पठार, मागे बुटके डोंगर, वर मोकळं आकाश. आमच्या सातपुड्यासारखंच काहीसं. कच्च्या फोटोत सगळ्यावर मळकट पिवळी छटा होती. मी मोबाईलमधल्या एका ॲपचं रंग आपोआप सुधारायचं बटण दाबलं. पिवळेपणा गेला आणि आकाश निळसर झालं. मग हाताने ते थोडं अजून निळं केलं. मंगळावर सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर उजेड दिसतो हे मी वाचलं होतं, म्हणून माझ्या मनाने मला परवानगी दिली. खाली मी ओळ लिहिली: ‘मंगळावर उभे राहिलात तर असे दिसेल.’

तो फोटो सरांना फार आवडला. त्यांनी तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो गावात गेला, आणि चार दिवसांत सावद्याच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. डावीकडे माझा निळा मंगळ, उजवीकडे माझा दहावीच्या हॉल तिकिटावरचा चेहरा, आणि खाली ‘मंगळाचे रंग उलगडणारा सावद्याचा सुपुत्र’. त्याच्याखाली सतरा जणांचे फोटो. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हतो. लाज वाटली, पण खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी तीन वेळा बसस्टँडवर जाऊन आलो.

पुढे धुळ्याला मोठं विज्ञान प्रदर्शन होतं. तिथून निवडलेल्या मुलांना अहमदाबादला यानांच्या प्रतिमांवर काम करायचं महिन्याभराचं प्रशिक्षण मिळणार होतं. सरांनी माझं नाव पाठवलं. भाऊ तेव्हा घरी होते. मला पुढे एम.एस्सी. करायचं होतं. त्यांच्या मते मी पदवी झाली की चेंबरवर सुपरवायझर म्हणून लागावं, मालकाने जागा देऊ केलीच होती. ते भाकरी मोडत म्हणाले, “हे पाय, मले त्यातलं काई समजत नाई. धुयाले तुले निवडलं तं मी समजीन की तुह्यात काई हाये. मंग शिक कितीबी. नाई निवडलं तं चेंबर.” भाऊ शब्द फिरवत नाहीत. माझं सगळं पुढचं शिक्षण त्या एका फोटोवर येऊन उभं राहिलं.

धुळ्याला जायच्या तीन दिवस आधी आई बाजारातून परतताना बसस्टँडवर थांबली. तिने फ्लेक्स आधी लांबून पाहिला होता, जवळून तेव्हाच पाहिला. मी सोबत होतो. ती पदराने घाम पुसत बराच वेळ वर बघत राहिली. मला वाटलं, आता डोळे पुसेल. ती म्हणाली, “नित्या, यामा तक्ता कोठे शे?”

“कोणता तक्ता?”

“रंगना. तक्ता नई ते फोटू कशाना?”

मला हसू आलं. म्हटलं, “माय, ती केळी नाहीत, मंगळ आहे तो.”

“माले काय समजस मंगळनं? पन रंग समजस,” ती म्हणाली. “तठला उजेड कसा शे तुले काय ठाऊक? तू कोनता उजेडमा देखा?” आणि पिशवी उचलून चालायला लागली.

मी हसणं थांबवलं, कारण मला एक गोष्ट आठवली. मंगळावरच्या त्या गाडीच्या पाठीवर एक तक्ता असतो. खरोखर असतो. छोटी तबकडी, तिच्यावर ठरलेले रंगांचे आणि राखाडीचे ठिपके, मध्ये एक काडी. गाडी मधूनमधून तिचा फोटो काढते. मी उतरवलेल्या फोटोंत त्या दिवशीचा तसा एक होता, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही म्हणून मी तो पुसून टाकला होता.

घरी येऊन तो पुन्हा उतरवला. मी मंगळाच्या फोटोवर जे जे केलं होतं ते तसंच्या तसं त्या तबकडीवर केलं. राखाडी ठिपका निळा झाला. पांढराही निळा. लाल जांभळट झाला. बटण दाबून जो पिवळेपणा मी मळ समजून धुतला होता, तो तिथला उजेडच होता. धुळीतून गाळून येणारा, तांबूस पिवळा. वर जास्तीचा निळा ओतला होता तो तर निव्वळ माझ्या मनाचा. मग मी तक्त्याला धरून रंग पुन्हा लावले. आकाश ताकात हळद पडावी तसं झालं. दगड फिकट. डोंगर धुळीत बुडालेले. खरा मंगळ दिसायला माझ्या मंगळापेक्षा गरीब होता.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि खुर्चीत मागे टेकले. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले, “माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण नितीन, प्रदर्शनाचं पोस्टर छापून आलंय. परीक्षक दोन मिनिटं थांबतात एकेका टेबलाशी. निळा फोटो त्यांना थांबवेल. हा थांबवेल का?” ते वाईट माणूस नव्हते. माझ्या भाऊंची अट त्यांना माहीत होती, आणि मी चेंबरवर जाऊ नये म्हणून ते बोलत होते. येताना बसमध्ये सारखं वाटत होतं की तक्ता बघितलाच नसता तर बरं झालं असतं.

धुळ्याला आई सोबत आली, कारण तिला त्या निमित्ताने माहेर होतं. सोनगीरला मामाकडे उतरलो. मामाने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. येईल त्याला तो माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, “हाऊ मना भाचा शे. मंगळवर याना हात पोचना!” मामीने खापरावरचे पुरणाचे मांडे केले होते. पालथ्या खापरावर तिने हातांवर फिरवून मोठा केलेला मांडा टाकला की त्यावर तपकिरी डाग उठायचे, आणि मामेबहीण ओरडायची, “दादा, देख, तुना ग्रह!” सगळे हसत होते, तूप वाढत होते. माझा मांडा ताटात तसाच होता. आईने ते पाहिलं. तिने माझ्या ताटातला अर्धा मांडा स्वतःच्या ताटात घेतला.

सकाळी निघताना मी बॅगेतून दुसरा फोटो आणि तबकडीचा फोटो काढला. साध्या कागदावर छापलेले होते. आईने विचारलं, “हाई कसाले?” म्हटलं, “तक्ता आहे.” ती ‘बरं’ म्हणाली.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये माझ्या एका बाजूला फवारणीचं ड्रोन होतं आणि दुसऱ्या बाजूला धूर सोडणारा ज्वालामुखी. माझं नुसतं पोस्टर. पण निळा मंगळ पाहून लोक थांबत होते, सेल्फी घेत होते. परीक्षक आल्या त्या एक वयस्कर मॅडम होत्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. त्यांनी चष्मा लावला, पोस्टर पाहिलं आणि म्हणाल्या, “सुंदर. सांगा.”

माझं भाषण पाठ होतं. पहिलंच वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच. “मॅडम, हा फोटो चुकीचा आहे.”

शेजारच्या ड्रोनवाल्या पोराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सर सकाळीच फैजपूरहून आले होते. मागे उभे होते, ते खाली बघू लागले. मी साधे कागद पुढे केले. एकेक सांगत गेलो. कच्चा फोटो कसा असतो, मी कोणतं बटण दाबलं, तबकडी काय असते, तिचा राखाडी ठिपका निळा कसा झाला. मॅडमनी मध्येच अडवलं. “पण अभ्यासक सुद्धा कधी कधी पृथ्वीवरच्या उजेडासारखे रंग करून घेतात. दगड ओळखायला सोपं जातं. मग तुमचं काय चुकलं?”

“त्यांनी तसं लिहिलेलं असतं, मॅडम. आणि ते तक्त्याला धरून करतात. मी आकाश हाताने निळं केलं, आणि खाली लिहिलं की तिथे उभे राहिलात तर असं दिसेल. ते खोटं आहे.”

“हे तुम्हाला कोणी दाखवून दिलं? सरांनी?”

आई खांबाजवळ उभी होती, हातात मामीने दिलेली पिशवी. इथे मला एक कबुली द्यायची आहे. प्रदर्शनाच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. कॉलेजातही तसंच लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच लिहिलं होतं.

“माझ्या आईने,” मी म्हणालो. “त्या तिथे उभ्या आहेत. सावद्याला केळीच्या चेंबरवर निवडणीचं काम करतात. फोटोत तक्ता कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.”

मॅडम चालत आईपाशी गेल्या. काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही. आई आधी पदर सारखा करत राहिली, मग तिचे हात बोलायला लागले. एक हात केळीची फणी, दुसरा हात तक्ता. दोन मिनिटांचा नियम मोडून मॅडम तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मला आठवतं, मी तेव्हा पोस्टरकडे पाठ करून उभा होतो आणि माझी मान ताठ होती. अशी ती फ्लेक्सखाली उभा राहूनही झाली नव्हती.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर ड्रोनचा. दुसरा ज्वालामुखीचा. माझं नाव कुठेच नव्हतं. मामाने शेवभाजी खायला नेलं आणि सगळा वेळ परीक्षकांच्या अकलेबद्दल बोलत राहिला. आई म्हणाली, “जेव रे भो. खरं बोलना ना तू? मंग जेव.”

सावद्याला बातमी आमच्या आधी पोचली होती. बसस्टँडवरचा पानवाला हाक मारून म्हणाला, “काय रे सुपुत्रा, मंगळाचा रंग उडाला म्हणे!” मी फ्लेक्स काढायला सांगितला तर लावणाऱ्याने हात झटकले. सतरा जणांना विचारावं लागेल म्हणाला. शेवटी कोणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स त्यावर चढला आणि माझी सुटका झाली. भाऊंना फोनवर निकाल सांगितला. ते म्हणाले, “बरं.” बाकीचं त्यांचं आधीच बोलून झालं होतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली तसा मी चेंबरवर जाऊ लागलो. कॅरेट मोजून घेणं आणि व्यापाऱ्यांना फोटो पाठवणं हे माझं काम. मी मन लावून करत होतो, त्यात लाज नव्हती. पण रोजचे कच्चे फोटो मी बघायचं सोडून दिलं होतं. आई विचारायची, “काय म्हनस मंगळ?” आणि मी म्हणायचो, “बरा आहे.”

चेंबरच्या जाड भिंतींत मोबाईलला रेंज नसते. म्हणून त्या दिवशी सरांनी मला किती वेळा फोन केला ते मला कळलंच नाही. शेवटी त्यांनी भाऊंना लावला. भाऊ इंदूरच्या पुढे कुठेतरी गाडी बाजूला लावून जेवत होते. त्यांनी चेंबरच्या मालकाला फोन केला, आणि मालकांनी स्वतः येऊन मला रेंज येते त्या दाराशी नेलं आणि फोन हातात दिला. भाऊंच्या मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे भाऊ ओरडून बोलत होते.

“नित्या! तुह्या सरचा फोन होता. अमदाबादवरून पत्र आलं म्हने कॉलेजात. त्या धुयाच्या बाईनं तुह्यं नाव येगळं लिहून धाडलं होतं. नंबराच्या पोरायसंगं तुलेबी बलावलं!”

आई आणि रुखसाना चाची हातातल्या फण्या तशाच धरून माझ्याकडे बघत होत्या. “भाऊ, पण चेंबर,” एवढंच मी कसंबसं म्हणालो.

“चेंबर गेलं तिकडं,” भाऊ ओरडले. “मी काय म्हनलो होतो? तुले निवडलं तं शिक. निवडलं ना त्यायनं? मंग शिक. आता फोन तुह्या मायजवळ दे, तिले मले सोता सांगू दे.”